बेंटिऊचे बांध उचलत राहायचे की माणसं हलवायची?

पाणवठा: डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटली, तेव्हा बेंटिऊ शहर-परिसरातले लोक जीव वाचवायला संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या आसऱ्याला आले. २०२१ च्या पुरात भोवतालचा मुलूख बुडाला आणि पुढची कित्येक वर्षं पाणी ओसरलंच नाही. लाखाहून जास्त माणसं मातीच्या बांधाआड, बाहेरच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर राहत आली आहेत. एक बांध फुटला की सगळं संपलं. माझ्या मते त्यांना उंच जमिनीवर वसवण्यासाठीच पैसा लावावा.

उत्तरा: अजिबात पटत नाही. ती उंच जमीन काय मोकळी पडली आहे? तिथे आधीच कुणाची वस्ती आहे, कुणाची गुरं चरतात. तळाजवळच्या त्या छावणीतले बहुतेक नुएर जमातीचे आहेत, आणि नुएर व डिंका या दोन जमातींमधला रक्तपात त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. २०१८ चा शांतता करार झाला तरी बंदुका कुठे गेल्या? लोक तिथे आले ते शांतिसैनिकांचा पहारा होता म्हणून. पहारा नसलेल्या उंचवट्यावर त्यांना नेऊन सोडणं मला क्रूर वाटतं.

पाणवठा: मग जन्मभर छावणीतच ठेवायचं? गुरं मेली, ज्वारीची शेतं पाण्याखाली गेली. बाया पाणी तुडवत सरपणाला जातात, पाणकमळाच्या बिया कुटून मुलांना घालतात.

माळरान: तुम्ही दोघं बांधावर भांडताय, संडासांचं कोणीच बोलत नाही. याच छावणीत हेपॅटायटिस ई या यकृताच्या आजाराची मोठी साथ आली होती. तो दूषित पाण्यातून पसरतो आणि गरोदर बाईच्या जिवावर बेततो. २०२२ मध्ये त्याची लस चालू साथीत जगात पहिल्यांदा वापरली गेली ती इथेच. पण लस टोचून झाल्यावर बाई पुन्हा त्याच तुंबलेल्या संडासात जाणार असेल तर काय उपयोग? मैला उपसणं आणि पिण्याचं पाणी यांना पहिला पैसा द्या.

उत्तरा: हे मान्य. पण बांध गेला तर तुमचे संडासही गेले. धावपट्टीही बांधाच्याच भरवशावर आहे, आणि रस्ते पाण्याखाली असताना ती गेली तर धान्य उतरवायचं कुठे? त्यात एप्रिल २०२३ पासून सुदानच्या युद्धातून माणसं परत येताहेत, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली संस्था बंद केली.

पाणवठा: तुटपुंजा पैसा दरवर्षी चिखलात ओतायचा, हे मला अजूनही चुकीचंच वाटतं. निदान जी कुटुंबं आपणहून जायला तयार आहेत, त्यांना जमिनीचा हक्क आणि पहारा दोन्ही मिळवून द्या.

उत्तरा: दोन्ही मिळाले तर माझा विरोध नाही. तोवर पावसाआधी बांध भक्कम झालेच पाहिजेत.