बर्नेजला 'पीआरचा बाप' कशाला म्हणायचं?

अर्धाकप:
काल परत तोच फॉरवर्ड आला. एडवर्ड बर्नेज, मनोविश्लेषक फ्रॉइडचा भाचा, पीआरचा म्हणजे जनसंपर्काच्या धंद्याचा जनक, बायकांना सिगारेटी ओढायला त्यानेच शिकवलं वगैरे. माझं म्हणणं एवढंच की ही गोष्ट इतकी पसरली कारण ती सांगत फिरणारा बर्नेज स्वतःच होता. १८९१ चा जन्म, गेला १९९५ ला, म्हणजे १०३ वर्षं, तोवर बरोबरीचे सगळे वर पोचलेले, खोडून काढणार कोण? याच धंद्यातला त्याच्या आधीचा माणूस आयव्ही ली, तो १९३४ लाच गेला. त्याने १९०६ मध्ये, अटलांटिक सिटीजवळ पुलावरून गाडी पाण्यात पडून ५३ माणसं गेली तेव्हा, रेल्वे कंपनीतर्फे पत्रकारांना निवेदन लिहून दिलं आणि वर त्यांना अपघाताच्या जागी नेलं. बर्नेज तेव्हा शाळकरी पोरगा होता.

गिरगावकरीण:
नाही पटलं. ली कंपनीच्या नावाने बोलायचा, बर्नेजने कंपनीच गायब केली. १९२९ चा ईस्टर, न्यूयॉर्कची फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू, नटूनथटून चाललेली गर्दी, त्यात काही तरुणी सिगारेट पेटवतात आणि म्हणतात ह्या स्वातंत्र्याच्या मशाली! बोलावणी धाडली बर्नेजच्या ऑफिसातून, पैसे लकी स्ट्राइकवाल्या अमेरिकन टोबॅकोचे. पेपरात मात्र बंडाची बातमी. ही जातच वेगळी आहे हो.

अर्धाकप:
बायका आधीपासून ओढतच होत्या की, प्रमाण वाढतच होतं. कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं का?

बिनकामाचा_वाचक:
तुम्ही दोघांनी आयव्ही लीला साधू करून ठेवलाय. १९१४ ला कोलोरॅडोत लडलोला संपकरी खाणकामगारांच्या तंबूंना आग लागली, तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या २ बायका आणि ११ मुलं गुदमरून मेली, आणि हा बाबा खाणमालक रॉकफेलरतर्फे पत्रकं काढतोय, त्यात युनियन पुढाऱ्यांच्या पगाराचे फुगवलेले आकडे! आणि प्रचाराचा खरा कारखाना काढला अमेरिकन सरकारने, १९१७ मध्ये. क्रील कमिटी, पहिल्या महायुद्धातली सरकारी प्रचारसमिती. सिनेमाचं रीळ बदलेपर्यंत उठून चार मिनिटं युद्धाचं भाषण ठोकणारे तब्बल ७५ हजार लोक. बर्नेजने उमेदवारी केली ती तिथेच.

मांडवीकाठ:
थोडं अवांतर. 'प्रोपगंडा' हा शब्द आला १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी काढलेल्या खात्याच्या नावावरून. त्याच खात्याने गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या मातेउश द काश्त्रू या पाद्रीला १६३७ मध्ये बिशप केलं आणि गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्याला मानायला साफ नकार दिला. तेव्हा बापाचा शोध घ्यायचाच तर जरा मागे जा.

गिरगावकरीण:
शब्द जुना असेल, तंत्र नाही. बर्नेजचं पुस्तक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने वापरलं, हे तरी मान्य आहे ना?

अर्धाकप:
आणि हे जगाला सांगितलं कोणी? १९६५ च्या आत्मचरित्रात, खुद्द बर्नेजने :)