डम्पिंग यार्डावर घरकुलं: चार फूट मुरुम टाकला की झालं?

बोडीकाठ
काल इथं एकानं टाकलं: "मुंबईत देवनारच्या कचऱ्यावर घरं चालतात, तर आपल्या तलावाकाठच्या जुन्या डम्पिंगवर घरकुलं काहून नाही? चार फूट मुरुम टाका, रोलर फिरवा, प्लॉट पाडा." त्यावर "बरोबर आहे भाऊ" म्हणणारेही निघाले. म्हणून एवढं लांब लिहितो.

आधी देवनार. तिथं 1927 पासून कचरा पडतो, शेजारी ठाण्याची खाडी. धारावीच्या पुनर्वसनासाठी त्यातली 124 एकर दिली हे खरं. पण सुमारे 185 लाख टन जुना कचरा उपसायची निविदा महापालिकेनं काढली, ते तुम्ही सोयीनं गाळलं. मुरुम टाकून मोकळं व्हायचं असं तिथंही कोणी म्हणत नाही. खाडीकाठच्या ढिगाला भरती-ओहोटी छळते. बुडाशी पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, आणि दर खेपेला काळं झिरपण ओढून नेतं. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची भरती वर्षातून एकदा, पोळ्याच्या सुमारास. काम तेच.

आता मुरुम. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत निम्मा मिथेन असतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते. वरून मुरुम दाबला की वायू थांबत नाही, आडवा सरकतो. इंग्लंडात लॉस्को गावी 1986 मध्ये हवेचा दाब झपाट्यानं उतरला आणि बंद केलेल्या कचराखाणीतला वायू जमिनीखालून एका बंगल्यात शिरला. बंगला उडाला. तो कचऱ्यावर नव्हता, शेजारी होता. वळवाच्या आधी आपल्याकडेही दाब उतरतो.

मुरुमवाला
ते मीच लिहिलं, अन् मागे घेत नाही. लॉस्को राहू द्या तिकडेच. आपलं डम्पिंग नगरपंचायतीचं, जागा ग्रामपंचायतीच्या हद्दीत, अडीच एकर, बारा फुटांचा ढीग, वर गवत उगवून गुरं चरून रायली. दुसरी जागा दाखवा नं! झुडपी जंगल (महसुलात तशी नोंद असलेली झुडपाळ जमीन) म्हणजे वनजमीनच, असं सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये सांगितलं. गावठाण भरलं. यादीतला माणूस काय तलावात घर बांधन? अन् तुमची ती पर्यावरणवाली मंडळी कोणाचं लेआउट पडलं तर बोलत नाहीत, घरकुलाचं नाव निघालं की जागी होतात.

सेंट्रिंगशीट
गवत उगवलं म्हणजे ढीग निवला असं नाही. बारा फुटांच्या कचऱ्यात एक कोपरा जुन्या मलम्याचा, दुसरा प्लास्टिक अन् भाजीबाजाराच्या घाणीचा. दोन्ही सारखे बसत नाहीत. घराचा एक कोपरा सहा इंच खाली गेला की प्लिंथ बीम तुटतो, दाराची चौकट अडकते. पाइल (पायाचे खोल खांब) टाका म्हणाल, तर घर थांबेल, पण आजूबाजूची जमीन खचत राहील, अन् नळाचा, संडासाचा पाइप भिंतीशी तुटेल. पाइल कचऱ्यातून आरपार नेताना झिरपणाला खालच्या पाण्याकडे वाट करून देते, ते वेगळंच.

अन् शोषखड्ड्याचं काय? घरकुल म्हणजे संडास, संडास म्हणजे शोषखड्डा. शंभर घरांचं पाणी कचऱ्यात सोडलं की थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू. यावर अजून कोणी बोललंच नाही.

पूर्णाकाठ
सगळे बोलता, पण पाणी कसं तपासणार ते कोणी सांगेना. ग्रामपंचायतवाले टीडीएसचं (विरघळलेले क्षार मोजायचं) पेन बुडवतात अन् "पाणी ठीक" म्हणतात. आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, विहीर मुळातच खारट. तिथं टीडीएस अन् क्लोराईडवरून झिरपण ओळखणं म्हणजे समुद्रात मीठ शोधणं. खाडीकाठीही हीच अडचण. अमोनिया अन् सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) तपासा.

बोडीकाठ
अमोनिया धानाच्या बांधीतल्या युरियानंही येतो, गोठ्यानंही येतो. मग कोणावर ढकलणार?

पूर्णाकाठ
म्हणूनच एकटा अमोनिया घ्यायचा नसतो. ढिगात हवा नसते, त्यामुळे झिरपणात अमोनिया अन् सीओडी जास्त, नायट्रेट कमी. शेतातून झिरपलं तर बहुतेक उलटं, नायट्रेट जास्त. तीन निरीक्षण विहिरी घ्या: एक चढाला, दोन तलावाच्या बाजूला. मे मध्ये एकदा, सप्टेंबरात एकदा. नमुना घेण्याआधी पाइपातलं साचलेलं पाणी तिप्पट उपसून टाका, मग बाटली भरा, बर्फात ठेवा. अमोनियाच्या बाटलीत आधीच आम्ल घातलेलं असावं. हातपंपाचं पहिलं पाणी बाटलीत भरून पाठवलं, तर कचरा नाही, पाइपाचा गंज तपासून येते.

मुरुमवाला
खारपाणपट्ट्याचा प्रश्न 1 नंबरचा आहे, मान्य. पण धागा घरकुलाचा आहे, भाऊ!

पूर्णाकाठ
पाणी कळल्याशिवाय घरकुल बांधता, म्हणून धागा पाण्याचाच आहे.

सेंट्रिंगशीट
कचरा उपसायचा हिशोब घ्या. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर, बारा फूट म्हणजे 3.6 मीटर: 36,000 घनमीटर. घनमीटरला 0.8 टन धरा, 28,800 टन. स्वच्छ भारतच्या 550 रुपये टनानं 1 कोटी 58 लाख. रस्ते सोडून 500 चौरस फुटांचे शंभर प्लॉट पडले तर एकामागे 1 लाख 58 हजार. लाभार्थ्याला जागा खरेदीला सरकारी योजना देते 1 लाखापर्यंत.

काम असं: दोन-अडीच मीटर उंच रांगा लावायच्या, जिवाणू कल्चर फवारायचं, आठवड्याला एकदा उलटायच्या, तीन-चार फेऱ्यांनी ओल उतरली की ट्रॉमेलमध्ये (फिरत्या चाळणीत). पावसाळ्यात चाळण्या चिकटून बसतात, म्हणून दिवाळी ते मे. खालची बारीक माती तपासल्याशिवाय शेतात देऊ नका. कंपोस्टला शिशाची हद्द किलोला 100 मिलिग्रॅम, कॅडमियमची 5. तपासणीआधी ती परसबागेतही नको. अन् ढीग हलला तरी बुडाची अर्धा मीटर माती तपासायची राहते, बिल निघालं की ती कोणी पाहत नाही.

मुरुमवाला
550 रुपये लाभार्थ्याच्या खिशातून जातात का? नाही. मग त्याच्या प्लॉटवर कशाला चढवता?

सेंट्रिंगशीट
ठीक, तेवढं तुमचं बरोबर. पैसा नगरपंचायतीकडून येईल. पण येईल तेव्हा.

बोडीकाठ
आणि 2016 च्या कचरा नियमांत काय होतं? बंद कचराभरावावर वस्तीचा विचार 15 वर्षं देखरेख झाल्यावर, तोही वायू, झिरपण अन् जमिनीची स्थिरता तपासून. भरावासाठी जागा निवडताना तळ्यापासून 200 मीटर सोडायचे होते. आपला ढीग तलावाच्या पाळीपासून 60 पावलं.

मुरुमवाला
पंधरा वर्षं! यादीतली म्हातारी तोवर कागदातच घर पाहील. जा, मुरुमाचा शब्द मागे घेतो, तुम्ही जिंकले, हार आणतो. आता या अडीच एकराबाहेरचा, ढीग नसलेला वरचा पाऊण एकर सांगा. तिथं चालते की तिथंही इंग्लंड आहे?

बोडीकाठ
चालू शकतं, पण वायू तपासून. आधी जेसीबीनं तीन मीटरचे चार-पाच खड्डे घ्या, कचरा खरंच नाही ना ते दिसेल. मग ढिगाच्या कडेनं दर वीस मीटरवर दोन मीटरचं भोक, त्यात 50 मिमी व्यासाचा, छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप, वरचा अर्धा मीटर बेंटोनाइटनं (ओली झाली की फुगणारी माती) बंद, टोकाला व्हॉल्व्ह. मे ते सप्टेंबर दर आठवड्याला मोजा, ढग दाटून दाब उतरतो त्या दिवशी तर नक्कीच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वायू त्या भेगांतून लांब जाऊ शकतो.

मुरुमवाला
अन् जेसीबीचं डिझेल?