गावचा ग्रुप : बसथांब्यामागच्या माश्या

ॲडमिन काका : सूचना. बसथांब्यामागच्या झाडावर मधमाश्यांचा मोठा घोळका बसला आहे. फांदी दिसत नाही इतका. पोरांना तिकडे सोडू नका, दगड तर अजिबात नको.

पेपरवाला दादा : सकाळी पेपर टाकले तेव्हा काहीच नव्हतं. अकराच्या सुमारास एकदम घोंऽऽ आवाज आला आणि बघता बघता सगळ्या फांदीला चिकटल्या.

कोपऱ्यावरच्या काकू : अगंबाई! शाळा सुटेल आता. औषध मारणारा बोलवा कुणीतरी.

गॅरेजवाला भाऊ : औषध कशाला, रात्री टेंभा लावतो. पाच मिनिटांचं काम.

पेटीवाले आजोबा : टेंभा घरात ठेव. मी बघून येतो, तोवर कुणी हात लावू नका.

गॅरेजवाला भाऊ : बरं आजोबा.

पेटीवाले आजोबा : बघून आलो. आग्या नाही. आग्याची माशी चांगली मोठी असते, ती असती तर मीच सगळ्यांना लांब पळा म्हटलं असतं. ही पेटीत पाळतो ती लहान माशी. आणि पोळं नाही, नुसत्या माश्या एकमेकींना धरून लोंबकळताहेत. म्हणजे घर बदलायला निघालेलं बिऱ्हाड आहे. वसंतात फुलोरा वाढला की वसाहत वाढते, जागा पुरत नाही. मग जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन बाहेर पडते आणि जुनं घर लेकीला सोडते. निघताना पोटभर मध पिऊन निघतात. राखायला पिल्लं नाहीत, साठा नाही, त्यामुळे या वेळी त्या सहसा अंगावर येत नाहीत. डिवचलं तर मात्र येणारच. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, आपणहून उठतील.

कोपऱ्यावरच्या काकू : आणि नाही उठल्या तर?

पेटीवाले आजोबा : तर मी पेटी घेऊन जातो, हाय काय नाय काय.

गुरुजी : मुलांना लांबून दाखवायला आणू का? घोळक्याच्या पृष्ठभागावर काही माश्या पोट हलवत नाचतात. त्या जागा हेरून आलेल्या असतात. नाचाच्या रोखावरून दिशा कळते, आणि पोट किती वेळ हलवलं त्यावरून अंतर. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं होतं.

गॅरेजवाला भाऊ : म्हणजे त्यांचीही मीटिंग चालू आहे.

गुरुजी : आपल्यापेक्षा बरी. ज्या माशीची जागा साधारण असते ती नाच लवकर आवरते. आपल्यात कोण आवरतं?

ॲडमिन काका : गुरुजी, रोख कळला. मुलांना आणा, पण दोरीच्या अलीकडे. पेपरवाला दोरी बांधतोय.

नर्सताई : चावलीच तर नांगी लगेच काढा, नखाने खरवडा नाहीतर चिमटीने ओढा, पण वेळ घालवू नका. जितका वेळ आत राहील तितकं विष जातं. धाप लागली, ओठ-चेहरा सुजला, किंवा एकदम बऱ्याच चावल्या, तर घरी थांबायचं नाही. थेट दवाखाना.

कोपऱ्यावरच्या काकू : या सगळ्याचं मूळ ते फुललेलं झाड. पंधरवडा झाला, शिंका थांबत नाहीत माझ्या. छाटून टाका ना.

नर्सताई : काकू, ठळक रंगीत फुलांचे परागकण बहुतेक जड आणि चिकट असतात, ते माश्याच नेतात. शिंका आणतात ते वाऱ्यावर उडणारे, गवताचे आणि फूल दिसतही नाही अशा झाडांचे. खिडकी बंद ठेवा, बाहेरून आलात की तोंड धुवा. झाडाचा काही दोष नाही.

कोपऱ्यावरच्या काकू : तरी आपलं सांगून ठेवलं.

वाचनालयाच्या ताई : इकडे वेगळंच. मागच्या खोलीच्या झरोक्यात सकाळपासून सात-आठ माश्या आतबाहेर करताहेत. आत जाऊन भिंतीवरून चालतात, परत जातात. मोहोळ नाहीये.

पेटीवाले आजोबा : ताई, तुमची खोली बघायला आल्यात! पोकळ अंधारी जागा, तोंड लहान, जमिनीपासून उंच. त्यांना हेच हवं असतं. मुक्काम ठरायच्या आत बंद करा. एकदा आत पोळं बांधलं की भिंत फोडावी लागते.

वाचनालयाच्या ताई : पुस्तकांच्या कपाटामागे? नको बाई. जाळी कोण आणतंय?

गॅरेजवाला भाऊ : माझ्याकडे बारीक जाळी पडलीय. आत्ता येतो, शिडी तेवढी द्या.

पेटीवाले आजोबा : आधी आतली माशी बाहेर जाऊ दे, मग ठोक. आणि मी रिकामी पेटी झाडाजवळच्या ओट्यावर उंच ठेवतो. आवडली तर घेतील.

पेपरवाला दादा : दोरी बांधून झाली. एकजण आत्ताच सेल्फी काढायला दोरीच्या आत गेलाय.

ॲडमिन काका : त्याला बाहेर काढा आणि फोटो ग्रुपवर टाकू नका, बाकीचेही जातील.