मेसेज आला नाही म्हणजे चलान नाही, असं नाही

वर कोणीतरी म्हटलंय की मेसेज आला नाही तर चलान विसरून जायचं. मीही तेच केलं होतं. मेसेज जातो तो गाडीच्या नोंदणीतल्या मोबाइल नंबरवर, आणि माझ्या स्कूटरच्या नोंदणीत गाडी घेताना दिलेला, कधीच बंद पडलेला नंबर होता. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडून द्वारकेला येताना उड्डाणपुलावर वेग जास्त झाला म्हणून चलान झालंय, हे कळलं थेट स्कूटर विकताना. घेणाऱ्या भाऊंनी पेठ रोडला आरटीओत जायच्या आधीच गाडीचा नंबर ऑनलाइन टाकून पाहिला, "दादा, आधी हे भरा, मग नावावर करू." चलानच्या फोटोत माझ्या पायाशी द्राक्षांचं क्रेट स्पष्ट दिसत होतं, नाकारणार काय!

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ (वेगमर्यादा मोडणं) खाली हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, दुचाकी त्यातच येते. पैशाचं एवढं नाही. पण पुन्हा सापडलात तर त्याच कलमात लायसन्स जप्त करायचीही तरतूद आहे, हे इथे कोणी लिहिलंच नाही. आधी परिवहनच्या साइटवर मोबाइल नंबर बदलून घ्या, मग चलान तपासा.