‘पळून काही होत नाही’ असं लिहिणाऱ्यास

पहाटेचा फुटाळा
परवा इथे एकाने लिहिलं, ‘पळणं म्हणजे गुडघ्यांची वाट लावणं. नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी धापा टाकणारे सहा महिन्यांनीही तेवढेच जाड असतात. वजन उतरवायचं तर जिम, बाकी सगळा टाइमपास.’ खाली शंभरेक अंगठे. तीन दिवस गप्प बसलो, आज लिहितोच.

त्या धापा टाकणाऱ्यांत मी होतो. २०१८ साली वजन ९६ किलो, वय ४१. ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.३ निघाली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे. जिमची वर्षाची फी एकरकमी भरायची सोय नव्हती, मुलीची शिकवणी चालू होती. घरात जुने कॅनव्हासचे बूट होते, ते घालून सेमिनरी हिल्सला गेलो. पहिल्या दिवशी एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळालो आणि तिथेच खांबाला धरून उभा राहिलो. बरगडीखाली कळ, तोंडात लोखंडाची चव. महिनाभर तेच केलं, एक खांब पळायचा, दोन खांब चालायचे. चौथ्या महिन्यात न थांबता ५ किलोमीटर झाले. दहा महिन्यांनी काटा ८१ वर होता आणि एचबीएवनसी ५.६.

हिशेब अवघड नाही. पळताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ९० किलोचा माणूस ५ किलोमीटर पळाला की साडेचारशे. एक किलो चरबी म्हणजे ७७०० च्या आसपास. महिन्यात पंचवीस दिवस पळा, ताटात वाढ करू नका, दीड किलो उतरतं. महिन्यात दहा किलो सांगणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

आणि गुडघे. २०१७ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावकांमध्ये ३.५ टक्के, बसून राहणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धांमध्ये जोरात पळणाऱ्यांत १३.३ टक्के, तेही सांगतो, लपवत नाही. पण आपण सगळे हौशीच आहोत. लोकांना घाबरवून घरी बसवू नका, एवढीच विनंती.

लोखंडी
ते मीच लिहिलं होतं, नाव घ्यायला हरकत नव्हती. १५ किलो उतरले, अभिनंदन. पण त्यात चरबी किती आणि स्नायू किती गेला, हे मोजलं का? काट्याला दोन्ही सारखेच.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो पाहा. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. शेजारी इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपण हिंदुस्थानी लोक दिसायला बारीक आणि आतून तुपाळ. त्यात जेवण पोळी-भात-वरणाचं. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिन मिळतं आणि ७० किलोच्या माणसाला रोज ५८ ग्रॅम तरी हवं. असं खाऊन वर नुसतं पळत राहिलात तर स्नायू जाणारच.

मी जिमच्या मागे का लागतो ते सांगतो. माझे वडील आयुष्यभर चालले. महाल भागातून सीताबर्डीला रोज पायी, सायकलसुद्धा नाही. साखर नाही, बीपी नाही. ६८ व्या वर्षी न्हाणीघरात बसले आणि उठता येईना. पडले नव्हते, नुसते बसले होते. मांड्यांत जोरच नव्हता. मी बाहेर होतो, आई एकटी. वीस मिनिटं दोघं तिथेच बसून होते, शेवटी शेजारचा मुलगा आला. बाबा त्याला म्हणत होते, बाळा टॉवेल दे आधी. ते मी विसरू शकत नाही. त्या आठवड्यात जिम लावली. तेव्हा टाइमपास हा शब्द रागात लिहिला असेन, पण चालण्या-पळण्याने सगळं होतं हे मी मान्य करणार नाही.

मानसी ना
दोन्ही दादांना एक विचारते. पहाटे साडेपाचला अंधारात एकट्या बाईने सेमिनरी हिल्सला पळायचं का? मी पळून पाहिलं. दोन पोरं बाइकवर, तीनदा वळून आली. चौथ्या दिवसापासून गेले नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ८२ किलो होते, कंबर धरलेली. ३६ व्या वर्षी पोहायला शिकले. पहिला आठवडा नुसती कठड्याची दांडी धरून पाय मारत होते, टोपीने केस ओढले जायचे, नाकात पाणी. पण पाण्यात कंबर दुखली नाही, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. वजन चारच किलो उतरलं, कंबरेचा घेर मात्र ९४ वरून ८५ सेंटिमीटर झाला. ८० च्या खाली पाहिजे, अजून बाकी आहे.

अडचण वेळेची आहे. टँकवर लेडीज बॅच दुपारी साडेअकराला किंवा चारला. नोकरी करणाऱ्या बाईने केव्हा जायचं? आणि थंडीत पाणी इतकं गार की नोव्हेंबर ते फेब्रुवारी टँक बंदच.

गल्ली नंबर चार
गुडघ्याचं बोलून राहिले सगळे, रस्त्याचं कोणीच नाही बोलत. सगळीकडे सिमेंट रोड केले. मले तर सिमेंटवर पायाला थेट दणका बसल्यासारखा वाटतो. उन्हाळ्यात रात्री नऊलाही रस्त्यातून वाफ येते. आणि रोड एवढे उंच झाले की घरं खाली गेली. २३ सप्टेंबर २०२३ ले अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं, फ्रिज तरंगला. माझ्या आईची शिलाई मशीन गेली. पळायचं कुठं ते आधी सांगा भाऊ.

पहाटेचा फुटाळा
@गल्ली नंबर चार, घरचं ऐकून वाईट वाटलं. पळायला मातीचं मैदान शोधा, सकाळी मैदानावर कडेकडेने मऊ पट्टा असतो.

@लोखंडी, काकांचं वाचून गप्प झालो. पण जिमवाले जे सांगतात की स्नायू वाढला की झोपेतही चरबी जळते, त्याचाही हिशेब करा. एक किलो स्नायू आरामात दिवसाला १३ कॅलरी घेतो. वर्षभर घाम गाळून ५ किलो स्नायू कमावला तरी ६५. एका पोळीपेक्षा कमी.

रविवार ८ किमी
आमचा ग्रुप रविवारी पळतो आणि नंतर तर्री पोहे खातो. हे चुकतं का? मनापासून विचारतो आहे, कारण दोन वर्षांत माझं वजन ग्रॅमभर हललं नाही.

दोन वेळा
इथेच खरं उत्तर आहे आणि तुम्ही सगळे खांब, डंबेल, टँक करत बसलात. ताटात बघा. वाफेवरचे पोहे, त्यावर हरभऱ्याची लाल तर्री, वर तेलाचा तवंग, मग चिवडा, कांदा, लिंबू, आणि ‘भाऊ, तर्री अजून द्या’. त्यासोबत एक समोसा, शेवटी साखरेचा चहा. ८ किलोमीटरची कमाई दहा मिनिटांत परत.

हे आपल्या नागपूरच्या माणसाने कधीच सांगून ठेवलं. आता सगळे ‘दीक्षित डाएट’ म्हणतात. डॉ. दीक्षित स्वतः श्रेय डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात, पण नागपूरकरांनाच त्याची आठवण नाही. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही, म्हणजे इन्शुलिन सतत वर राहणार नाही. मी जिचकारांचं व्याख्यान समोर बसून ऐकलंय. २ जून २००४ ला अपघातात गेले, वय पन्नाससुद्धा पूर्ण नव्हतं. लोकांना त्यांच्या पदव्या किती ते पाठ आहे. काटोलचा आमदार सव्विसाव्या वर्षी, तेही पाठ आहे. पण जे लाखो लोकांच्या कामाचं सांगून गेले ते पुण्या-मुंबईकडून परत आलं तेव्हा आपण ऐकलं. याचा मला राग आहे.

व्यायामाबद्दल शास्त्रसुद्धा हेच म्हणतं. पाँट्झर नावाच्या संशोधकाने टांझानियातल्या हाड्झा लोकांची मोजणी केली, २०१२ साली छापली. शिकार करणारे, मैलोन्‌मैल चालणारे लोक, आणि शरीराच्या आकाराच्या मानाने त्यांचा दिवसाचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनाइतकाच. शरीर दुसरीकडे काटकसर करतं, असं त्याचं म्हणणं. वजन तोंडाने वाढतं, तोंडानेच उतरतं.

मानसी ना
माझ्या सासूबाईंना मधुमेहाची गोळी चालू आहे. एका नातेवाइकाने फोनवर आलेला दोन जेवणांचा तक्ता पाठवला आणि त्यांनी सकाळचं खाणं बंद केलं, गोळी मात्र तशीच. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता हात थरथरायला लागले, साडी घामाने ओली. मशीनवर साखर ५२. मी साखरेचं पाणी पाजलं, माझेही हात थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, खाणं बदललं तर गोळीचं माप बदलावं लागतं, विचारलं का नाही? तुम्ही ‘सगळ्यांनी दोनदाच जेवा’ असं सरसकट लिहू नका.

दोन वेळा
औषध चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच सुरू करायचं नसतं, हे लिहायला हवं होतं, राहिलं. पण दोष तो तक्ता पुढे ढकलणाऱ्याचा आहे, जिचकारांचा नाही.

सावजी गल्ली
पोहे सोडायचे तर नागपुरात राहायचं काहून? माझा आजा रोज सकाळी पोहे खाऊन बैलगाडीने शेतावर जायचा, ८८ वर्षं जगला.

लोखंडी
तुमचा आजा दिवसभर शेतात राबत होता. तुम्ही पोहे खाऊन एसीत बसता. आजोबांचं उदाहरण देऊन लोकांच्या रक्तवाहिन्या बंद करू नका.

सावजी गल्ली
माझ्या आज्यावर जाऊ नका. तुम्ही मले ओळखत नाही, मी गोडाऊनमध्ये पोती उचलतो. एसी पाह्यलाच नाही. जिमची फी भरणाऱ्याने मले मेहनत शिकवू नये.

लोखंडी
माहीत नव्हतं. एसीचं वाक्य चुकलं. बाकी पोह्याबद्दल मत तेच आहे.

पहाटेचा फुटाळा
@दोन वेळा, जिचकारांबद्दल आदर आहे, पण अर्धंच सांगता आहात. डॉ. दीक्षितांच्या त्याच पद्धतीत रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगितलेलं आहे. ते तुम्ही गाळलं. आणि ते चालणं फक्त काट्यासाठी सांगितलेलं नाही, साखर आणि हृदय दोन्हीसाठी आहे. माझी एचबीएवनसी ६.३ वरून ५.६ झाली ती नुसत्या तोंडाने नाही.

पण हेही कबूल करतो की त्या दहा महिन्यांत रविवारचे पोहे मीही सोडले होते. वर लिहिताना ‘ताटात वाढ करू नका’ एवढंच लिहिलं. खरं तर बायकोने रात्रीचा भात बंद केला होता. तो हिशेबात धरायला पाहिजे होता.

दोन वेळा
धरलात ना आता. चालणं मी गाळलं, तेही खरं. रोज चालतो मी, तेलंगखेडीला.

रविवार ८ किमी
म्हणजे पोहे आठवड्यातून एकदा आणि समोसा बंद? की पोहेही बंद?

लोखंडी
पोहे अर्धी प्लेट, तर्रीतले हरभरे जास्त, तवंग चमच्याने बाजूला. समोसा बंद. घरी दोन उकडलेली अंडी किंवा ताक-फुटाणे. आठवड्यात दोन दिवस तरी वजन उचला, मांड्या आणि पाठ आधी. जागतिक आरोग्य संघटनाही दोन्ही सांगते, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम, पळण्यासारखा जोराचा असेल तर त्याच्या निम्मा, आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम.

पहाटेचा फुटाळा
काल रात्री एक करून पाहिलं. जमिनीवर मांडी घालून बसलो आणि हात न टेकता उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दोनदा. १० किलोमीटर पळतो मी, आणि उठताना पलंगाची कड धरावी लागली. मुलगी बघत होती. आजपासून बैठका, वीस-वीसच्या दोन फेऱ्या. जिम लावणार नाही. पण तुम्ही गुडघ्याचं ते वाक्य मागे घ्या, लोक वाचून बूट काढून ठेवतात.

लोखंडी
गुडघ्याचं मागे घेतो, मूळ लिखाणात बदल करतो. टाइमपासही काढतो. जिमचं तसंच ठेवणार. बैठका करताना टाच उचलू देऊ नका, आणि महिनाभराने वीस सोपे वाटले की पाठीवर पिशवी घ्या, तांदळाची, ५ किलोची. बाबांना मी असंच सुरू करून दिलं होतं, खुर्चीवरून उठणं-बसणं, दिवसाला दहा. आता ७३ चे आहेत. न्हाणीघरात अजूनही दांडी धरतात, पण स्वतः उठतात.

मानसी ना
काकांचं वाचून बरं वाटलं. माझा प्रश्न मात्र तसाच राहिला. संध्याकाळी सात-साडेसातला बायकांसाठी वेळ असलेला टँक नागपुरात कोणाला माहीत आहे का? प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरकडून येता येईल असा. माझ्यासारख्या पाच जणी आहेत ऑफिसात, आणि हा उन्हाळाही तसाच चाललाय.