प्रबंध लिहू की नाचून दाखवू?

फलाट_सहा: 'संशोधक लोकांपर्यंत पोहोचतच नाहीत' असा गळा काढणारा धागा काल वाचला. उपाय काय, तर प्रत्येक प्रबंधासोबत कॉमिक, ॲनिमेशन नाहीतर नाच सक्तीचा करा! अहो, पाच वर्षं मुंबईतल्या मिठी नदीच्या गाळात हात घालून नमुने काढतोय. आता गाइडने लाल केलेलं प्रकरण दुरुस्त करू की चित्रकलेचा क्लास लावू? 'डान्स युअर पीएचडी' ही प्रबंध नाचून दाखवायची स्पर्धा २००८ पासून चालू आहे. नाच झकास असतात. त्यातलं संशोधन काय होतं, ते मला तरी दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

चुनाभट्टीकर: नाच सोड. हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्सचे २०१८चे तापमानाचे पट्टे घे. एक पट्टा म्हणजे एक वर्ष, थंड ते निळं, गरम ते लाल. आकडे नाहीत, अक्ष नाहीत. आईला फोनवर दाखवले तर म्हणाली, "उजवीकडे करपलंय की रे." तुझ्या तीनशे पानांतून कुणाला एवढं तरी कळेल का?

फलाट_सहा: आकडे नाहीत हेच तर दुखणं! लाल म्हणजे किती, एक अंश की पाच? रंग हवे तसे ताणले की कुणालाही घाबरवता येतं.

खवचट_काका: आता कुणीतरी डॉक्टर जॉन स्नोच्या कॉलऱ्याच्या नकाशाचा विषय काढणारच, म्हणून आधीच सांगतो. १८५४च्या साथीत गडी लंडनमध्ये आधी दारोदार हिंडला, दूषित पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला. तो प्रसिद्ध नकाशा नंतरचा. चपला आधी झिजवा, रंगपेटी मग.

कुर्ल्याची_सून: मी काही संशोधक नाही. २६ जुलैला, २००५च्या, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, कुलाब्यात पंच्याहत्तरही नाही. हे सगळं नंतर पेपरात वाचलं. ९४४ म्हणजे किती ते मला आजही डोळ्यांपुढे येत नाही. पण आमच्या दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पाणी तिच्या पुढे तिसरीत केलेल्या खुणेच्याही वर होतं. ती तेव्हा दुसरीत होती. मध्यंतरी एक पोरगा पुराचा नकाशा घेऊन आला, सगळा इंद्रधनुष्यासारखा. विचारलं, आमचं घर कुठल्या रंगात? त्यालाच सापडेना.

पोस्टरपीडित: रंग राहू देत, आधी मराठी नीट छापा! मागे परिषदेसाठी हौसेनं मराठी मथळा दिला. रात्री साडेनऊला फ्लेक्स हातात आला, तर 'मिठी'ची वेलांटी 'म'वरून उडून 'ठ'वर बसलेली आणि 'पर्जन्य'चा रफार उतरून मोडका 'र्' झालेला. दुकानदार म्हणतो, "मॅडम, एवढं कोण वाचतं?"

चुनाभट्टीकर: ओपन फाइल दिली असणार, दुकानातल्या फॉन्टमध्ये अक्षरं बिघडली. अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, पीडीएफ द्यायची.

पोस्टरपीडित: म्हणजे चूक माझीच! इंग्रजीवाल्याला करावे लागतात का हे सोपस्कार?

फलाट_सहा: मराठीत छापायचा अट्टहास कशाला पण? परीक्षक इंग्रजीच वाचतात.

पोस्टरपीडित: वा! नदी कुर्ल्याची, गाळ कुर्ल्याचा, आणि निष्कर्ष परीक्षकांसाठी. तुझं पोस्टर कुठल्या भाषेत होतं रे?

फलाट_सहा: इंग्रजीत. आणि बक्षीस मिळालं होतं.

पोस्टरपीडित: अभिनंदन. नदीला कळवलंस का?

खवचट_काका: अरे, मूळ विषय नाचाचा होता. निदान भांडण तरी तालात करा.

चुनाभट्टीकर: काका, तुमचा तो दारोदार हिंडण्याचा मुद्दा बरोबर आहे. लिहिताना हात थरथरतोय, पण आहे.

फलाट_सहा: मी नाचणार नाही, कॉमिकही काढणार नाही. पण कुर्ल्याच्या ताई, ती तिसरीतली खूण जमिनीपासून किती उंच? आणि घर तळमजल्यावरच ना? माझ्याकडे त्या पट्ट्यातली पाण्याची एकही उंची नाही.

कुर्ल्याची_सून: तळमजलाच. चार फुटांना दोन बोटं कमी. पण बाहेरून उंबऱ्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतात, त्या धरायच्या की नाही ते तुम्ही बघा.

फलाट_सहा: धरायच्या. पायऱ्यांची उंची मोजून टाकाल का?

कुर्ल्याची_सून: भाजी फोडणीला घातलीय. नंतर सांगते.