माळवी बोलीची जागा

मध्य प्रदेशातील माळवा भागात बोलली जाणारी माळवी यासारखी, लिखित साहित्य नसलेली बोली हिंदीत मिसळून गेली तरी संस्कृतीचे काही बिघडत नाही, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. आम्ही इंदूरकर मराठी माणसे पितृपक्षात रोज संध्याकाळी शेजारच्या मुलींना भिंतीवर शेणाने संजा (कुमारिका पूजतात त्या संजादेवीची आकृती) काढताना, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवताना आणि माळवीत गाणी म्हणताना पाहत आलो आहोत; शेवटी किलाकोट (किल्ल्यासारखी मोठी संजा) होतो, संजेचे विसर्जन होते, आणि लगेच नवरात्रात आमच्या अंगणात भोंडल्याचा हत्ती पाटावर येतो. संजेच्या गाण्यांतील सासर-माहेर हिंदीत आणले की ठेका मोडतो आणि जवळीकही जाते. कुमार गंधर्व १९४८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने माळव्यातील देवासला आले, आजारपणात त्यांच्या कानी माळवी लोकगीते पडत राहिली आणि पुढे लोकधुनांतूनच त्यांचे धुनउगम राग घडले, हे आपल्या रसिकांना निराळे सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५२ लाख लोकांनी माळवी ही मातृभाषा नोंदवली, तरी ती हिंदीच्याच खात्यात मोजली गेली. भिल्ल समाजाच्या भिलीचे भाषक तर एक कोटीहून अधिक, पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत तिला जागा नाही. माळवी बोलणाऱ्या मुलाला वर्गात आजही ‘नीट बोल’ असे सांगितले जाते, याचे मला फार वाईट वाटते.